खेळाडूचा खांदा : फेकणारे बळ आणि आवरणारे बळ

(भैंसा येथे क्रीडाशिक्षक, पालक व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय खांदा हा आहे. तो वाचून हे काम वैद्यकीय अधिकाऱ्याचे, असे काहींना वाटले असेल. मी वैद्य नव्हे. प्रसिद्धी खात्यातील अधिकारी असून शिक्षणाने कलाशाखेचा पदवीधर आहे. औषध सांगणे हे माझे काम नाही. तज्ज्ञांनी मोजून, पडताळून जे जाहीर केले आहे ते आपल्या भाषेत आणि आपल्या मैदानाला लागू पडेल अशा रीतीने मांडणे, एवढेच माझ्याकडे आहे. या विषयावरील बहुतेक माहिती इंग्रजी नियतकालिकांत अडकून पडली आहे. दुखणारे खांदे मात्र शाळाशाळांच्या मैदानांवर आहेत.

भैंसा हे गाव जागचे हलले नाही, पण त्याचा जिल्हा अनेकदा बदलला. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुक्यात होते. राज्यपुनर्रचनेने ते आदिलाबाद जिल्ह्यात आले, २०१४ साली तेलंगण राज्यात आणि २०१६ साली नव्या निर्मल जिल्ह्यात. या इतिहासाचा एक लाभ येथील मुलांना मिळाला आहे. त्यांना मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा कानावरून येतात. ‘दुखते’, ‘नोप्पि’, ‘दर्द’ हे तिन्ही शब्द त्यांच्या जिभेवर असतात. तथापि संघनिवडीच्या आठवड्यात हीच मुले यांपैकी एकही शब्द उच्चारीत नाहीत. खांदा दुखतो असे सांगितले तर नाव वगळले जाईल, ही त्यांची भीती असते, आणि ती अगदीच निराधार आहे असे आपल्यापैकी कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही. मौनाने दुखणे थांबत नाही. पुढच्या हंगामात तो मुलगा किंवा ती मुलगी मैदानावर दिसेनाशी होते, आणि ‘अभ्यासाला लागली असेल’ असे आपण समजतो.

प्रथम विषयाची मर्यादा सांगतो. ज्या खेळांत हात डोक्याच्या वर नेऊन वेगाने पुढे आणावा लागतो, त्या खेळांविषयी मी बोलणार आहे. व्हॉलीबॉलमधील स्मॅश व सर्व्हिस, हँडबॉल, बॅडमिंटन, टेनिस, भालाफेक, क्रिकेटमधील जलद गोलंदाजी व सीमारेषेवरील फेक, आणि पोहणे हे सारे त्यात येतात. कबड्डीत व कुस्तीतही खांदे दुखावतात, पण तेथे पडणे, ओढणे, पिळणे ही कारणे असतात. कापसाच्या बाजारात ओझी वाहणाऱ्या हमालांचा खांदा हा तर स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. तो कोणीतरी हाती घ्यावा.

या दुखण्याने मोठमोठ्यांनाही सोडलेले नाही. सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली व त्यांचा वेस्ट इंडीजचा दौरा हुकला. श्रीरामपूरचे झहीर खान यांचा गोलंदाजीचा खांदा २००९ साली दुखावला आणि त्यांनाही शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. दोघेही परतले. तेंडुलकरांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्वालालंपूर येथे नाबाद १४१ धावा काढल्या. झहीर खान यांनी २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले. परंतु त्यांच्या पाठीशी निष्णात शल्यविशारद, फिजिओथेरपिस्ट आणि महिनोन्‌महिन्यांची विश्रांती होती. भैंसा किंवा भोकर येथील चौदा वर्षांच्या खेळाडूच्या पाठीशी असतो तो त्याचा क्रीडाशिक्षक. म्हणून जे काही करावयाचे ते दुखणे येण्यापूर्वी आणि शाळेच्या मैदानावरच करावे लागेल.

आता खांद्याची रचना पाहू. मांडीचा खुबा उखळासारखा खोल असतो आणि हाडाचा गोळा त्यात नीट बसतो. खांद्याची खोबण तशी नाही. ती पसरट परळासारखी उथळ असून दंडाच्या हाडाचा गोळा तिच्या मानाने बराच मोठा आहे. त्याचा जेमतेम तृतीयांश भाग एका वेळी खोबणीला टेकलेला असतो. खांदा इतक्या दिशांना फिरू शकतो तो या उथळपणामुळेच, आणि इतक्या सहज दुखावतो तोही त्याचमुळे. शिवाय ही खोबण ज्या हाडावर आहे तो खांद्याचा फरा पाठीवर स्नायूंच्या आधाराने सरकता असतो. परळच जर हलणाऱ्या फळीवर ठेवला असेल तर गोळा जागेवर धरून ठेवण्याचे काम किती बिकट, याची कल्पना यावी.

हे काम चार लहान स्नायू करतात. डॉक्टर त्यांना एकत्रितपणे ‘रोटेटर कफ’ म्हणतात. ते पुढून, वरून व मागून गोळ्याला वेढून असतात व त्याला खोबणीकडे दाबून धरतात. त्यांतील फऱ्याच्या पुढच्या अंगाचा स्नायू दंडाला आतल्या बाजूस फिरवतो. मागच्या अंगाचे दोन स्नायू बाहेरच्या बाजूस फिरवतात. वरचा एक हात उचलण्यास साह्य करतो. ‘आत’ आणि ‘बाहेर’ म्हणजे काय, हे प्रत्येकाने बसल्या जागी करून पाहावे. कोपर कमरेला टेकवा, हात कोपरात काटकोनात वाकवा. पंजा पोटाकडे नेलात की दंड आत फिरला. पंजा अंगापासून दूर नेलात की बाहेर फिरला. आजचा सारा विषय या दोन हालचालींत आहे.

येथे एक विषमता ध्यानात घ्यावी. दंड आत फिरवण्याच्या कामी त्या लहान स्नायूला छातीचा मोठा स्नायू आणि पाठीचा रुंद स्नायू असे दोन धिप्पाड सोबती मिळतात. बाहेर फिरवण्याचे काम मात्र मुख्यत्वे मागच्या दोन लहान स्नायूंवरच पडते. फेकण्याचे बळ आतल्या फिरकीत असते, तेव्हा फेकणाऱ्या बाजूला मल्ल आहेत आणि आवरणाऱ्या बाजूला दोन सडपातळ पोरे आहेत, असा हा सामना आहे.

आवरणे का लागते, हे गोफणीवरून समजेल. ज्वारीचे कणीस भरू लागले की माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखण्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पाय रोवलेले, कंबर वळलेली, हात डोक्यावर, आणि शेवटच्या फेऱ्याला एक दोरी सुटते. स्मॅश मारणाऱ्या किंवा भाला फेकणाऱ्या खेळाडूचा हात हीच त्याची गोफण असते. पाय जमीन रेटतात, कंबर व धड वळते, आणि मागे राहिलेला हात फटक्यासरशी पुढे येतो. फटक्यातील जोराचा सुमारे निम्मा भाग पाय व धड यांतून येतो, असे टेनिसच्या सर्व्हिसच्या अभ्यासातून दिसून आले आहे. अमेरिकेतील बेसबॉल या खेळात चेंडू फेकणाऱ्यांचे मोजमाप झाले आहे. अव्वल फेकणाऱ्याचा दंड आत फिरताना सेकंदाला सुमारे सात हजार अंश इतका वेग गाठतो. त्याच गतीने तो फिरत राहता तर सेकंदाला एकोणीस फेरे होते. चेंडू हातातून निघून जातो. हात मात्र अंगाला जोडलेला असतो, आणि त्याला निमिषार्धात थांबवावे लागते. ही थांबवण्याची कामगिरी मागच्या दोन स्नायूंची. ते त्या वेळी ताणले जात असतात आणि ताणले जात असतानाच जोर लावीत असतात. भरलेली बैलगाडी उताराला लागली की बैलांच्या ओढण्याची नव्हे, आवरून धरण्याची कसोटी लागते, तसेच हे आहे.

उच्च दर्जाच्या व्हॉलीबॉल संघातील आक्रमक खेळाडू वर्षाकाठी चाळीस हजारांच्या आसपास स्मॅश मारतो, असा अंदाज तज्ज्ञांनी केला आहे. आपली मुले तेवढे मारीत नसतील. परंतु दिशा तीच. प्रत्येक फटक्याने पुढचे मोठे स्नायू आपोआप बळकट होत जातात आणि मागचे त्या प्रमाणात होत नाहीत. त्यात आपले शाळेतील नेहमीचे व्यायाम पाहा. जोर मारणे हा पुढे ढकलण्याचा व्यायाम आहे. दांड्याला लोंबकळून अंग वर ओढणे हा पाठीच्या रुंद स्नायूचा. दोन्ही उत्तम. पण दोन्हींत बळ मिळते ते दंड आत फिरवणाऱ्या मोठ्या स्नायूंनाच. मुलाचा फटका वर्षागणिक जोरदार होतो, शिक्षक संतुष्ट होतात, आणि आवरणारी बाजू मात्र आहे तेथेच राहते. अंतर वाढत गेले की हाडाचा गोळा खोबणीत किंचित सरकू लागतो, कंडरा घासतात, ताणतात, आणि खांद्याच्या पुढच्या बाजूस किंवा वर खोलवर कळ येऊ लागते. दुखणे पुढे आणि उणीव मागे, यामुळेच मलम नेहमी चुकीच्या जागी चोळले जाते.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या नजरेस येण्यासारखी आहे. वर्षानुवर्षे फेकणाऱ्याचा खांदा बाहेरच्या बाजूस अधिक वळू लागतो आणि आतल्या बाजूस कमी. लहानपणापासून खेळणाऱ्यांत दंडाचे हाडच वाढताना थोडे पिळलेले राहते. तेव्हा एवढ्यावरून घाबरून जाऊ नये. तो विकार नाही. दोन्ही हातांचा एकूण फेर जवळपास सारखा भरतो की नाही हे पाहावे. फेकणाऱ्या हाताचा एकूण फेर स्पष्टपणे कमी भरत असेल, तर खांद्याची मागची बाजू आखडली आहे असे समजून ती हलकेच ताणण्याचा व्यायाम द्यावा. हात छातीसमोरून आडवा नेऊन दुसऱ्या हाताने कोपर जवळ ओढणे, अर्धा मिनिट धरणे, एवढे पुरते.

आता पुराव्याकडे वळू. प्रसिद्धी खात्याच्या माणसावर ‘सांगोवांगी बोलतो’ असा आरोप नेहमी होतो, म्हणून येथे थोडा वेळ घेतो.

या विषयावरील सर्वांत काटेकोर काम हँडबॉल या खेळात, नॉर्वे व डेन्मार्क या देशांत झाले आहे. नॉर्वेतील २०६ अव्वल पुरुष खेळाडूंचा एक हंगामभर पाठपुरावा करून २०१४ साली असे जाहीर झाले की, ज्यांची बाहेर फिरवण्याची ताकद कमी, ज्यांचा एकूण फेर कमी आणि ज्यांचा फरा नीट हलत नाही, त्यांना खांद्याचा त्रास अधिक होतो. पुढे ३२९ स्त्री-पुरुष खेळाडूंवर तशीच तपासणी झाली, आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हा संबंध पुन्हा आढळला नाही. असे झाले की काही लोक सारेच थोतांड म्हणून मोकळे होतात. मला तसे वाटत नाही. डेन्मार्कमधील ६७९ किशोरवयीन खेळाडूंचा ३१ आठवड्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, आणि या गुंत्याचा बराचसा उलगडा मला त्यात दिसतो. त्यांनी ताकदीबरोबर खेळाचा भारही मोजला. एखाद्या आठवड्यातील खेळ आधीच्या चार आठवड्यांच्या सरासरीहून साठ टक्क्यांपेक्षा जास्त वाढला, तर दुखापतीचे प्रमाण जवळजवळ दुपटीला गेले. आणि ज्यांची बाहेर फिरवण्याची ताकद कमी होती किंवा फरा डळमळीत होता, त्यांना वीस ते साठ टक्के एवढी मध्यम वाढही सोसली नाही. म्हणजे कमजोरी एकटी बसून राहते. अंगावर अचानक भार पडला की ती बोलू लागते. नुसती ताकद मोजून कोणाचा खांदा दुखेल याचे भविष्य वर्तविता येत नाही, हे मान्य करूनही ती वाढवणे शहाणपणाचे का, हे यावरून कळते.

वाढवल्याने फरक पडतो काय? नॉर्वेतच ४५ संघांतील ६६० खेळाडूंवर प्रयोग झाला. निम्म्या संघांनी सरावापूर्वी दहा मिनिटे, आठवड्यातून तीन वेळा, ठरावीक व्यायाम केले. त्यांत बाहेर फिरवण्याची ताकद, फऱ्याचे नियंत्रण, पाठीच्या मणक्याची वळण्याची क्षमता, खांद्याच्या मागच्या बाजूचा ताण आणि पाय-धड-हात यांची सांगड यांचा समावेश होता. उरलेल्या संघांनी नेहमीसारखा सराव केला. हंगामभरात कोणत्याही वेळी खांद्याची तक्रार असणाऱ्यांचे सरासरी प्रमाण व्यायाम करणाऱ्या संघांत १७ टक्के, तर इतरांत २३ टक्के राहिले. तक्रारीचा धोका २८ टक्क्यांनी घटला, असा हिशेब २०१७ साली मांडण्यात आला. चमत्कार म्हणावा असे यात काही नाही. १७ टक्के तरीही दुखतच होते. पण आठवड्याला अर्ध्या तासात, खर्चावाचून एवढे साधत असेल तर ते टाकून देण्याजोगे नाही.

व्हॉलीबॉलच्या शिक्षकांसाठी एक विशेष सूचना. १९८५ सालच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या वेळी इटलीतील डॉक्टरांनी ९६ अव्वल व्हॉलीबॉलपटूंची तपासणी केली, तेव्हा १२ जणांच्या फऱ्यावरील, म्हणजे बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंपैकी एकाची शक्ती घटलेली आढळली. त्या स्नायूला जाणारी मज्जातंतूची दोरी दबली होती. आश्चर्य असे की त्यांना त्याचे दुखणे नव्हते. तेव्हा ‘दुखत नाही ना, मग झाले’ हे म्हणणे पुरेसे नाही. मुलांना अंगरखा काढून पाठमोरे उभे करावे आणि फऱ्यावर एका बाजूस खळगा दिसतो का ते पाहावे. दिसला तर डॉक्टरांकडे पाठवावे. मुलींच्या बाबतीत ही तपासणी शिक्षिकेनेच, बंद खोलीत करावी. जेथे शिक्षिका नाही तेथे आईला बोलवावे. मुली खांद्याचे दुखणे मुलांपेक्षाही अधिक लपवतात, आणि त्याचे एक कारण तपासणीचा संकोच हेच आहे.

ताकद मोजण्यास शहरांत यंत्रे असतात. आपल्याला रद्दी व भंगार घेणाऱ्याजवळ असतो तसा आकड्याचा काटा पुरे. काट्याचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधावे, दुसऱ्याला रुंद पट्टा किंवा गमछा अडकवून तो मनगटाभोवती घ्यावा. कोपर कमरेशी, हात काटकोनात. प्रथम पंजा पोटाकडे ओढावा व आकडा पाहावा. मग वळून उभे राहून पंजा बाहेर ओढावा. झटका न देता, हळूहळू जोर वाढवीत. तीनदा मोजून मोठा आकडा लिहावा. बाहेरची ताकद आतल्या ताकदीच्या निदान तीन-चतुर्थांश असावी, असे अनेक तज्ज्ञ सुचवितात. आत दहा किलो भरले तर बाहेर साडेसात. शिवाय फेकणारा हात दुसऱ्या हातापेक्षा थोडा सरसच असायला हवा. तो कमी भरला तर पाणी मुरते आहे असे समजावे. हा काटा दवाखान्यातील यंत्राइतका अचूक नाही, पण एकाच काट्याने एकाच रीतीने दर दोन महिन्यांनी मोजले तर त्याच मुलाची वाढ-घट नक्की कळते. ज्याला दुखत आहे त्याची ताकद मात्र अशी मोजू नये.

आता व्यायाम. त्यासाठी सायकलची जुनी ट्यूब लांबीत चिरून घ्यावी. ती कोपराच्या उंचीवर गजाला बांधावी. काखेपाशी, दंड व बरगडी यांच्यामध्ये घडी घातलेला टॉवेल धरावा म्हणजे कोपर अंगापासून सुटत नाही. पंजा सावकाश बाहेर न्यावा आणि त्याहून सावकाश परत आणावा. हे परत आणणे म्हणजेच आवरणे, आणि खरी कमाई त्यातच आहे. मुले नेमके तेच सोडून देतात, ट्यूबला सटकन परत जाऊ देतात. शिक्षकाने मोठ्याने एक ते चार आकडे मोजावेत. दहा ते पंधरा वेळा, दोन ते तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. महिन्याभराने हे सोपे वाटू लागले की हात खांद्याच्या पातळीला आडवा धरून, कोपर वाकवून तीच हालचाल करावी. फेकीची स्थिती हीच असल्याने येथील बळ प्रत्यक्ष उपयोगी पडते. जोर मारताना शेवटी हात सरळ झाल्यावर जमीन आणखी थोडी रेटून पाठ किंचित गोल करावी, त्याने फऱ्याला धरणारे स्नायू तयार होतात. पाय आणि कंबर दुबळी असलेला मुलगा सारा जोर खांद्यातून काढतो, तेव्हा बैठका सोडू नयेत.

मुद्गलाविषयी हमखास विचारले जाते. आपल्या तालमींत मुद्गलाची जोडी डोक्यावरून पाठीमागे नेऊन फिरवण्याची रीत फार जुनी. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी ती पाहून ‘इंडियन क्लब’ या नावाने युरोपात नेली, आणि १९०४ व १९३२ सालच्या ऑलिंपिक सामन्यांत तर तिची स्पर्धाही झाली. आपल्या घरातली वस्तू बाहेर जाऊन पदक मिळवून आली, आणि आपल्या शाळांच्या साहित्याच्या यादीत तिला जागा नाही, हे मला खटकते. हलके मुद्गल खांदा मोकळा करण्यास उत्तम. मात्र जड मुद्गलाचे प्रदर्शन करण्यात अर्थ नाही, आणि ट्यूबचा व्यायाम त्याने भागत नाही. दोन्ही करावेत.

भाराकडे आता येतो, कारण माझ्या मते आपल्या भागातील खरा दोष तेथे आहे. पावसाळ्यात मैदान चिखलाचे, सराव बंद. मग एकदम तालुका, मग जिल्हा, मग विभाग. आठ दिवसांत तीन महिन्यांचे स्मॅश मारून घेतले जातात. गावोगावच्या रात्रीच्या स्पर्धा तर याहून वाईट. दिव्यांच्या उजेडात सुरू झालेला संघ पहाटेपर्यंत पाच-सहा सामने खेळतो. डेन्मार्कच्या त्या अभ्यासातील साठ टक्के वाढ आपण एका रात्रीत ओलांडतो. अमेरिकेतील लहान मुलांच्या बेसबॉल संघटनेने २००७ पासून चेंडूंची मोजणी सक्तीची केली. अकरा-बारा वर्षांच्या फेकणाऱ्याला दिवसाला ८५ फेकींची मर्यादा घातली आणि पुढे विश्रांतीचे दिवस ठरवून दिले. तेथील आयोजकांनाही सामना रंगात आला असताना मुलाला थांबवणे जड गेले असेलच. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना विनंती की सामने दोन रविवारांत विभागावेत. चषकाची उंची थोडी कमी झाली तरी चालेल.

अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांत याचे गांभीर्य अधिक आहे. या वयात दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी वाढीची चकती असते. ती कूर्चेची, म्हणून मऊ असते. वारंवार फेकण्याने ती दुखावते. अशा मुलाला खांद्याच्या वरच्या भागात फेकताना दुखते व दाबल्यासही दुखते. क्ष-किरण चित्रात ती चकती रुंदावलेली दिसते. उपाय म्हणजे फेकणे पूर्ण बंद, बहुधा तीन महिन्यांच्या आसपास. वेळीच थांबले तर ते पूर्ण बरे होते. न थांबल्यास हाडाची वाढ बिघडू शकते.

दुखू लागल्यावर आपल्याकडे काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून सामन्याआधी घेतली जाते. गोळीने कळ दबते, कारण तसेच राहते आणि मुलगा जोर लावतच राहतो. दुसरे, हाड बसवणाऱ्याकडे नेऊन हात हिसकला जातो. त्या वडीलधाऱ्या माणसांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे, पण वाढत्या वयातील खांद्याला हिसका देणे धोक्याचे आहे. तिसरे, महिनाभर हात झोळीत. हेही बहुतेक वेळा नको. फेकणे बंद किंवा अगदी कमी करावे, पण न दुखणाऱ्या मर्यादेत हात हलता ठेवावा. दुखणे ओसरल्यावर फेक एकदम पूर्वीइतकी न करता मोजून वाढवावी: पहिल्या आठवड्यात वीस, मग तीस, याप्रमाणे. रात्री झोप मोडणारी कळ, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, हात वर न जाणे, खांदा निखळल्यासारखे वाटणे, पडल्यानंतरची सूज किंवा ताप यांपैकी काहीही असेल तर निर्मल, निजामाबाद, नांदेड जेथे जवळ पडेल तेथे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, त्यात दिवस घालवू नयेत.

डॉक्टरांकडे जाताना मुलाला नेमके शब्द द्यावेत. मराठीत दुखण्याला शब्दांचा तोटा नाही. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, भरून येणे वेगळे आणि आखडणे वेगळे. फेकताना चमकते की फेकून झाल्यावर ठणकते, हात मागे नेताना दुखते की थांबवताना, एवढे मुलाने सांगितले तरी तपासणाऱ्याचे अर्धे काम होते. हे विचारण्याची सवय शिक्षकांनी लावावी. ‘दुखते का?’ असे सर्वांसमोर विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. त्याऐवजी दर सोमवारी प्रत्येकाने वहीत शून्य ते दहा यांतील एक आकडा लिहावा आणि तो आकडा निवडीसाठी वापरला जाणार नाही, असे मुख्याध्यापकांनी स्वतः जाहीर करावे. ते वचन पाळले गेले नाही तर वही पहिल्याच महिन्यात शून्यांनी भरून जाईल.

अधिकारी बंधूंना एवढेच सांगतो की या कामाला स्वतंत्र तरतूद लागत नाही. क्रीडासाहित्याच्या खरेदीत एक काटा आणि ट्यूबचे पैसे सहज सामावतात. स्पर्धांचे वेळापत्रक मात्र कोणा शिक्षकाच्या हाती नसते. ते आपण ठरवता.

आता बाहेर मैदानावर चार विद्यार्थी ट्यूबचा व्यायाम करून दाखवतील. शिक्षकांनी तो स्वतःही करून पाहावा. ट्यूब बांधताना गजाला धारदार कड नाही ना हे पाहावे, व्हॉल्व्हचा भाग कापून टाकावा आणि ताणून पाहून चिरा दिसल्या तर ती वापरू नये. तुटलेली ट्यूब थेट तोंडावर येते.